दुष्काळ, परदेशी गहू आणि कामाची हमी

दुष्काळ हा शब्द उच्चारताच शेतकऱ्याची दृष्टी प्रथम आभाळाकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि मृगाचा पाऊस हुकला, आर्द्रा कोरडी गेली, हस्तानेही पाठ फिरवली, म्हणजे घरात उपासमार होणारच असे नाही. पीक बुडणे ही निसर्गाची करणी झाली. त्यानंतर चूल पेटते की विझते, हे पुष्कळ अंशी व्यवस्थेवर अवलंबून असते. या व्यवस्थेचे एक टोक गावच्या पाझर तलावावर असते आणि दुसरे टोक, शेतकरी बंधूंना कदाचित आश्चर्य वाटेल, परराष्ट्र व्यवहाराच्या दालनात असते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत ही दोन टोके एकमेकांस कशी जोडली गेली, याचा इतिहास महाराष्ट्रात फार स्पष्टपणे पाहावयास मिळतो. नव्याने स्वतंत्र झालेल्या व अन्य विकसनशील देशांनाही त्याच काळात हीच परीक्षा द्यावी लागली. सर्वांचे निकाल मात्र सारखे लागले नाहीत.

बोटीने येणारा गहू

मे १९६० मध्ये भारताचे त्या वेळचे अन्न व कृषिमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टन येथे अमेरिकेशी एक मोठा करार केला. त्यान्वये चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ भारतास मिळावयाचा होता. अमेरिकेने १९५४ मध्ये केलेल्या सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० खाली ही विक्री होत असे. म्हणून तो धान्यसाठा ‘पी. एल. ४८०चा गहू’ या नावानेच लोकांच्या तोंडी बसला. या कायद्याखाली भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला होता. व्यवहाराची रीत मोठी सोयीची होती. किंमत डॉलरमध्ये न देता रुपयांत द्यावयाची, आणि ते रुपये अमेरिकेच्या नावाने भारतातच जमा राहावयाचे. परकी चलनाची सदैव चणचण असलेल्या देशास याहून सुलभ सौदा तो कोणता मिळणार? अमेरिकेची कोठारेही त्या काळी अतिरिक्त धान्याने तुडुंब भरलेली होती. तेव्हा तिचीही अडचण परस्पर दूर होत होती. या जमा रुपयांचा अल्पसा भाग खर्चून तिकडच्या ग्रंथालयांनी १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेतली, आणि त्यामुळे कित्येक मराठी पुस्तके आज अमेरिकेतील विद्यापीठांच्या कपाटांत सुखरूप आहेत. गव्हाच्या मोबदल्यात ग्रंथ गेले, असा हा विलक्षण प्रकार होय.

मराठी शेतकऱ्याला मात्र या गव्हाची आठवण दुसऱ्याच कारणाने राहिली आहे. पुण्याच्या परिसरात १९५५–५६ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले आणि नंतर बांध, पड जमीन, रस्त्याच्या कडा असे सर्वत्र माजलेले गाजरगवत याच परदेशी धान्याबरोबर आले, असे घरोघर मानले जाते.

सुलभ सौद्यातला खरा धोका १९६५ मध्ये उघड झाला. त्या वर्षी मान्सून सपशेल फसला. १९६४–६५ मध्ये देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकले होते. ते पुढील वर्षी सुमारे ७ कोटी २० लाख टनांवर आले. त्यापुढील वर्षही वाईटच गेले आणि बिहारमध्ये १९६७ च्या एप्रिलमध्ये सरकारला दुष्काळ जाहीर करावा लागला. १९६६ या एका वर्षात भारताने १ कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणले. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या वर्षी भारताकडे आला, असे सांगतात. धान्य बोटीतून उतरले की ते कोठारात न जाता सरळ शिधावाटप दुकानांत आणि तेथून लोकांच्या ताटात जात होते. एखादी बोट आठवडाभर लांबली तरी शिधापत्रिकाधारकांची चूल अडावी, अशी ती स्थिती होती.

याच वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी नवे धोरण धरले. दीर्घ मुदतीचा करार करावयाचा नाही. थोडा थोडा गहू, तोही महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबाने मंजूर करावयाचा, आणि प्रत्येक मंजुरीच्या वेळी भारत काय करतो व काय बोलतो हे पाहावयाचे. गुराचा दोर आखूड बांधावा तसाच हा प्रकार होता. या दोरामागे दोन हेतू होते, आणि ते वेगळे करून पाहणे न्यायाचे होईल. पहिला हेतू असा की, भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे, खते व सुधारित बियाणे यांवर पैसा खर्च करावा. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे भारताचे कृषिमंत्री सी. सुब्रह्मण्यम् व अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात जो समझोता झाला तो याच विषयावर होता. सुब्रह्मण्यम् यांना स्वतःलाच ते हवे होते, त्यामुळे या बाबतीत दडपण व मनीषा एका दिशेने चालल्या. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले आणि त्यातून पुढे काय घडले हे वाचकांस ठाऊकच आहे.

दुसरा हेतू मात्र निखळ राजकारणाचा होता. भारताने व्हिएतनाममधील अमेरिकेच्या बाँबवर्षावावर टीका केली होती. जुलै १९६६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मॉस्को येथे ती पुन्हा केली, आणि वॉशिंग्टनमध्ये नाराजी पसरली. गव्हाच्या बोटी निघण्याच्या तारखा आणि भारताच्या भाषणांच्या तारखा यांचा संबंध दिल्लीत सर्वांना दिसत होता. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले त्यामागेही परदेशी साह्यकर्त्यांचा आग्रह होता. लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेकांना तो भावनेचा विषय वाटला. वस्तुतः ते परराष्ट्र धोरणाचेच एक अंग होते. ज्याच्या कणगीत दाणा नाही त्याला चावडीवर बसून मोकळेपणी मत देता येत नाही, हे गावात सर्वांना कळते. राष्ट्रांच्या चावडीवरही तोच न्याय चालतो.

१९७१ च्या अखेरीस भारताने सवलतीच्या या गव्हाची आयात थांबवली. साठून राहिलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी रुपये अमेरिकेने फेब्रुवारी १९७४ मध्ये एका धनादेशाने भारतास परत केले.

तीन वर्षांचे अवर्षण

आयात थांबवली आणि लगेच महाराष्ट्रावर संकट कोसळले, हा योगायोग दुर्दैवी खरा. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे पाऊस तुटला आणि १९७२–७३ हे वर्ष तर सर्वांत भीषण ठरले. सोलापूर, बीड, सांगली, सातारा, पुणे आणि त्या वेळचे अहमदनगर, औरंगाबाद व उस्मानाबाद हे जिल्हे होरपळून निघाले. राज्याचे धान्योत्पादन १९६७–६८ च्या मानाने निम्म्याहून खाली गेले. विहिरी आटल्या, कडबा संपला, गुरे छावण्यांत गेली अथवा मिळेल त्या किमतीला विकली गेली.

बाहेरूनही दिलासा नव्हता. १९७१ च्या बांगलादेश युद्धामुळे अमेरिकेशी संबंध बिघडलेले होते. त्यातच १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणात गहू खरेदी केला आणि जगाच्या बाजारात भाव भडकले. रोख पैसे देऊन महाग धान्य घेणे भारतास भाग पडले. १९७३ मध्ये त्याच रशियाने भारतास २० लाख टन गहू उसना दिला. शेजाऱ्याकडून पायलीभर ज्वारी उसनी आणावी आणि सुगीला परत करावी, अगदी त्याच रीतीने. गावोगाव रास्त भावाच्या दुकानांत लाल मिलो आली. तिची भाकरी कोणास आवडली नाही, पण ज्यांनी ती खाल्ली ते तिची चव अजून विसरले नाहीत.

एवढ्या मोठ्या तुटीत भूकबळींचा कहर व्हावयास हवा होता. तो झाला नाही. हाल पुष्कळ झाले, मुले खंगली, दुबळ्या घरांची जनावरे व भांडी गेली. परंतु १८७६–७८ च्या दुष्काळात ज्या रीतीने गावेच्या गावे ओस पडली, तसे काही घडले नाही. याचे प्रमुख कारण म्हणजे दुष्काळी कामे. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. रस्त्यांसाठी खडी फोडणे, पाझर तलावांची मातीकामे, नालाबांध, बांधबंदिस्ती अशी ती कामे होती. स्त्रियांची संख्या पुरुषांच्या बरोबरीची होती. ज्या घरातील बाई कधी उंबरठ्याबाहेर पडली नव्हती तीही घमेले घेऊन रांगेत उभी राहिली. कामावर सुकडी वाटली जाई. लहान मुलांसाठी झाडाखाली पाळणे बांधलेले असत.

मजुरीने धान्य कसे खेचले

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण साऱ्या प्रश्नाचे मर्म तीत आहे. सरकारने शिधावाटपातून जेवढे धान्य देण्याचे ठरवले होते तेवढे प्रत्यक्षात पोहोचले नाही. त्या काळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर निर्बंध होते. मग पन्नास लाख मजूर व त्यांची कुटुंबे यांनी खाल्ले काय? अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की, आठवड्याच्या मजुरीमुळे लोकांच्या हाती पैसा राहिला, पैसा असल्यामुळे बाजारात मागणी राहिली, आणि मागणी असल्यामुळे व्यापाऱ्यांनी निर्बंधांतून वाट काढून का होईना, बाहेरचे धान्य महाराष्ट्रात आणले. ज्यांची ऐपत होती त्यांनी आपले खाणे थोडे कमी केले, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांस मजुरीच्या बळावर त्यातील वाटा मिळाला. टंचाईचा भार अशा रीतीने सर्वांत विभागला गेला.

धान्याच्या अभावी लोक उपाशी मरतात, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. धान्य विकत घेण्याची शक्ती गेली की माणूस भरल्या बाजारातही उपाशी राहतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हा विचार अनेक देशांच्या पुराव्यांनिशी मांडला. पण दुष्काळात शेतमजुराचे काम बंद पडते आणि मग ज्वारी कितीही स्वस्त असली तरी त्याला ती घेता येत नाही, हे ज्ञान खेड्यास नवे नव्हते.

कामे देऊन दुष्काळ निवारण्याची कल्पनाही जुनीच. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. परंतु त्या संहितांची दृष्टी खर्च वाचवण्याची होती. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मजुरी इतकी कमी केली गेली की मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून दिली, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांस समजावून सांगितल्या, सारासूट व काम मागणे हा आपला अधिकार आहे, भीक नव्हे, असे त्यांचे सांगणे होते. संहिता सरकारच्या कपाटात होती तोवर ती दया होती. ती शेतकऱ्याच्या हाती येताच तिला निराळे रूप आले.

विसापूरचा प्रयोग

ही दृष्टी कायद्यात उतरवण्याचे श्रेय वि. स. पागे यांस द्यावे लागते. ते दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळ येण्याची वाट न पाहता, जो मागेल त्यास नेहमीच काम मिळावे, या कल्पनेचा प्रयोग त्यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे करून पाहिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तीस पाठबळ दिले. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना जाहीर झाली, पण दुष्काळी कामांच्या धामधुमीत ती मागे पडली आणि टंचाई ओसरल्यावर पुन्हा सुरू झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमताने रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या कायद्याची रचना साधी होती. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांच्या आत ते द्यावयाचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. भत्ता दिवसाला एक रुपया इतका क्षुल्लक होता, तरी हमी या शब्दास त्यामुळे कायद्याचे वजन आले. पुरुष व स्त्री यांस मोजमापाप्रमाणे सारखीच मजुरी होती. आणि पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून, म्हणजे मुख्यतः मुंबईसारख्या शहरांतून, तो वसूल होई आणि तेवढीच भर सरकार आपल्या तिजोरीतून घाली. शहराने खेड्यासाठी कर द्यावा आणि त्यावर फारशी कुरकुर होऊ नये, हे आजही नवल वाटावे असे आहे. अर्थात शहरांचाही त्यात स्वार्थ होता. १९७२ मध्ये खेड्यांतून निघालेले लोंढे त्यांनी आपल्या फलाटांवर व पदपथांवर पाहिले होते.

योजनेत दोष नव्हते असे म्हणता येणार नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढत, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडे, मोजमापात मुकादमाचा हात आखडता असे. १९७२ च्या दुष्काळात फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक रस्त्यांच्या कडेला वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले. घाईने घेतलेले कित्येक तलाव गाळाने भरले. १९८८ मध्ये मजुरीचे दर बरेच वाढले. त्यानंतर कामांवरील उपस्थिती मात्र घटली, म्हणजे मागेल त्याला काम देण्यात व्यवस्था हात राखू लागली, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही १९९०–९१ पासून याच योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि लहान शेतकऱ्यांच्या हलक्या जमिनीवर आंबा, बोर, डाळिंब, चिकू यांच्या बागा उभ्या राहिल्या. २००५ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पायाशी होता.

वोलो आणि बंगाल

महाराष्ट्रात मजूर खडी फोडत होते त्याच १९७३ साली इथिओपियाच्या वोलो प्रांतात लोक हजारोंनी मरत होते. देशातील एकूण धान्य फारसे घटले नव्हते. प्रांताचे मुख्य ठिकाण जे देसी, तेथील बाजारभावही फार चढले नव्हते. वोलोच्या शेतकऱ्यांचे पीक गेले, त्यासरशी त्यांची कमाई गेली आणि खरेदीची शक्तीही गेली. काही धान्य तर त्या प्रांतातून बाहेर जात होते, कारण पैसा बाहेर होता. सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने ही आपत्ती लपवली. आफ्रिकी एकता संघटनेचे मुख्यालय अदिस अबाबा येथे होते, आणि जगापुढे आपल्या राज्याची प्रतिमा डागाळू नये हा विचार प्रबळ ठरला. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीने तेथील दृश्ये दाखवली तेव्हा जगाला हे कळले. पुढील वर्षीच्या सप्टेंबरात सम्राटांचे सिंहासन गेले. महाराष्ट्रात त्याच वेळी वर्तमानपत्रे ओरडत होती, मोर्चे तहसील कचेऱ्यांवर जात होते, विधिमंडळात सरकारला धारेवर धरले जात होते. त्रासदायक वाटणारा हा गलबला माणसे वाचवतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

बांगलादेशाची कथा अधिक चटका लावणारी आहे. १९७४ च्या उन्हाळ्यानंतर ब्रह्मपुत्रेला मोठे पूर आले. भाताची लावणी बुडाली, तीबरोबर शेतमजुरांचा रोजगार बुडाला आणि तांदळाचे भाव कडाडले. सेन यांच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी दरडोई उपलब्ध धान्य आगच्या-मागच्या वर्षांहून कमी नव्हते. कमी झाली होती ती मजुरांची क्रयशक्ती. अशा घटकेस अमेरिकेने धान्यसाह्य रोखून धरले, कारण बांगलादेशाने क्यूबा देशास तागाची ४० लाख पोती विकली होती, आणि क्यूबाशी व्यापार करणाऱ्यास साह्य देऊ नये असा अमेरिकेचा दंडक होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, ताग हेच मुख्य पीक असलेल्या देशाने पोती विकावयाची नाहीत तर काय विकावे? शेवटी बांगलादेशाने तो व्यापार बंद केला, आणि धान्य आले तेव्हा वेळ टळून गेली होती. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे २६ हजार माणसे दगावली; अभ्यासकांचे अंदाज याच्या कित्येक पटींनी अधिक आहेत.

परंतु त्याच देशाने पुढे आपत्तीशी झुंजण्याची जी तयारी केली तीही सांगितली पाहिजे. १२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तेथील किनाऱ्यावर ३ लाखांहून अधिक माणसे बुडाली होती. स्वातंत्र्यानंतर तेथील सरकार व रेडक्रॉस यांनी मिळून गावोगाव स्वयंसेवकांची साखळी उभारली. ध्वज, भोंगे, सायकली आणि उंच चौथऱ्यावरील पक्के निवारे, एवढीच त्यांची साधने. ही साखळी सर्वत्र पोहोचण्यापूर्वी १९९१ च्या वादळाने पुन्हा सुमारे १ लाख ४० हजार बळी घेतले. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात मात्र हा आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. इथिओपियानेही २००५ पासून दरवर्षी परदेशाकडे आणीबाणीची याचना करण्याऐवजी नियमित मजुरीचा कार्यक्रम सुरू केला. मजूर डोंगरउतारांवर दगडी बांध घालतात आणि टंचाईच्या महिन्यांत त्यांस रोख अथवा धान्य मिळते. पैसा पुष्कळसा परदेशी देणगीदारांचाच आहे, पण तो आधी ठरलेला असतो. संकट येऊन ठेपल्यावर दारोदार फिरावे लागत नाही, हा फरक लहान नव्हे.

परदेशी साह्य म्हणजे सर्वदा गळ्यातील फासच, असेही मानण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर गावांची पुनर्बांधणी झाली तीत जागतिक बँकेच्या कर्जाचा मोठा भाग होता आणि त्यापायी कोणी भारताचे तोंड बंद केले नाही. तोवर देशाची कोठारे आपल्याच शेतकऱ्यांच्या गहू-तांदळाने भरू लागली होती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारताने सुरुवातीस परदेशी मदत नाकारली, उलट श्रीलंका, मालदीव व इंडोनेशिया येथे आपली जहाजे धाडली. २०१२ च्या उन्हाळ्यात केंद्रीय साठा ८ कोटी टनांच्या आसपास गेला होता. जागतिक व्यापार संघटनेत या सरकारी खरेदीवर आक्षेप आले, तेव्हा २०१३ व २०१४ मध्ये भारताने गरिबांसाठी धान्य साठवण्याचा आपला हक्क ठामपणे मांडला. १९६६ मध्ये महिन्या-महिन्याच्या गव्हाची वाट पाहणाऱ्या देशाने २०२२ मध्ये अफगाणिस्तानला गहू पाठवला. तो ट्रकांनी, पाकिस्तानच्या भूमीवरून गेला.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

आता पुन्हा गावाकडे वळावे. १९७२ च्या कामांत जी टिकली ती कोणती आणि वाया गेली ती कोणती, हे पाहू गेल्यास एक भेद चटकन डोळ्यांत भरतो. जेथे जागा आधीच पाहून ठेवली होती, माती व मुरूम तपासला होता, आणि डोंगराच्या माथ्यावर चर व झाडी करून मग खालच्या नाल्यावर बांध घातला, तेथील तलाव गाळाने लवकर भरला नाही आणि खालच्या विहिरींस पाणी टिकले. जेथे मजूर आधी जमले आणि जागा नंतर शोधली, तेथे उन्हाळ्याची मजुरी पदरात पडली आणि त्यापुढे काही उरले नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० नंतर रोजगार हमीची व आदर्श गाव योजनेची कामे याच माथा ते पायथा क्रमाने घेतली. त्याचबरोबर गावाने स्वतःवर बंधने घातली. सिंचनासाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत. ऊस व केळी लावावयाची नाहीत. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि त्यावरून पिके ठरवावयाची. कामाची हमी व पाण्याचा हिशेब या दोन गोष्टी एका हाताने झाल्या, म्हणून तेथे दुष्काळी वर्षातही टँकरची गरज पडेनाशी झाली. असा हिशेब मांडण्यास मोठे शास्त्र लागत नाही. पर्जन्यमापक, विहिरींच्या पातळीची वही आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवणारा एक विश्वासू माणूस, एवढे पुरते.

ज्या गावांत अद्याप अशी वही नाही त्यांनी पावसाळ्याच्या आरंभीच दोन कागद तयार ठेवणे हिताचे ठरेल. एक, गावच्या पाणलोटातील कामांची क्रमवार यादी. नकाशावर माथ्याकडून खाली उतरत जाणारी आणि प्रत्येक जागेच्या मातीची नोंद असलेली. दुसरा, टंचाईत ज्यांचे काम प्रथम बंद पडते त्या घरांची यादी. भूमिहीन, कोरडवाहू अल्पभूधारक, एकट्या स्त्रियांची घरे. आणेवारीचा, अथवा आता म्हणतात त्याप्रमाणे पैसेवारीचा, निर्णय होईपर्यंत पुष्कळ दिवस जातात. ही घरे मात्र त्याच्या आधीच सावकाराच्या दारात गेलेली असतात. कामाची मागणी तोंडी करू नये. ती लेखी द्यावी, तीवर तारीख घालावी व पोच घ्यावी. १९७७ च्या कायद्यातील पंधरा दिवस मागणीच्या तारखेपासून मोजले जात होते. परंतु पोच नसल्यामुळे ती तारीख सिद्ध होत नसे, आणि बेकारी भत्त्याची तरतूद कायद्यात असूनही तो प्रत्यक्ष मिळालेले मजूर फार थोडे होते.